पुंजा तांबटाचं घाम येणारं घंगाळ

मित्रांनो, मी एक जुनं घंगाळ आहे. तसं माझं वय फार नाही, अवघी पाच वर्षं. पण तांब्याच्या भांड्याला शंभर वर्षांत सोसावं लागू नये ते मी एका सकाळी सोसलं, म्हणून स्वतःला जुनं म्हणवून घेते. आंघोळीचं पाणी काढायचं रुंद तोंडाचं, खोल पोटाचं भांडं तुमच्याही न्हाणीत असेल. दोन्ही अंगांना दोन जाड कड्या, अंगभर हातोडीचे गोल ठसे. तेच मी. माझी गोष्ट सांगायला बसले खरी, पण आधीच सांगून ठेवते, ती सकाळ आठवली की माझ्या कड्या अजून वाजतात.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला, एकोणीसशे चौतीस सालचा. मला घडवलं पुंजा तांबटाने. वयाने मोठ्या माणसाला अहोजाहो करावं हे मला कळतं, पण मी त्याला 'तो'च म्हणणार. का, ते पुढे कळेल.

पुंजाचा हात मोठा कसबी. त्याने पत्रा तापवला, ऐरणीवर ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. आठ दिवस माझ्या अंगावर हातोडी नाचत होती. माझं पोट आणि माझा तळ निरनिराळे घडवले होते. ते एकमेकांत बसवून, सांध्यावर टाकणखार शिंपडून, भट्टीत डाख वितळवून जोडले. तांबटाच्या धंद्यात जोडणाऱ्या त्या धातूला डाख म्हणतात. भांड्याचं सगळं नशीब त्या सांध्यात असतं. वरून हातोडीच्या ठशांचं मठारकाम कितीही देखणं असो, सांधा कच्चा तर भांडं फुकट.

पुंजाच्या वडिलांनी म्हणून घरात एक रीत घालून दिली होती. नवं भांडं पाण्याने काठोकाठ भरायचं आणि चाळलेल्या कोरड्या राखेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवायचं. राख कोरडी राहिली तर भांडं घराबाहेर जाईल, ओली झाली तर पुन्हा भट्टीत. म्हातारबाबा म्हणायचे, "गिऱ्हाईकाला फसवशील रे, राखेला कसं फसवशील?"

मलाही राखेवर ठेवलं. संध्याकाळी पुंजाने मला उचललं आणि त्याचा चेहरा पडला. राखेत रुपयाएवढा काळा ओला डाग होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे टांगा सांगितलेला होता. पुंजाची बायको सावित्रीबाई, तिची धाकटी बहीण सिंधू. सिंधूचं लग्न ठरलं होतं डहाणूला, रेल्वेतल्या एका कारकुनाशी, आणि मी होते थोरल्या बहिणीकडून जाणारा आहेर. पुन्हा भट्टी पेटवायला वेळ नव्हता. निदान पुंजाला तसं वाटलं. त्याने आत-बाहेर पाहिलं, दार लोटलं, लाख वितळवली, तिच्यात तांब्याचा कीस कालवला आणि उजव्या कडीच्या सरळ खाली, तळाच्या अगदी सांध्यात, ती दाबून बसवली. मग वरून घासून असं काही चकचकीत केलं की कोणाला शंका येऊ नये.

मित्रांनो, मी तेव्हा अगदी अजाण होते. मला वाटलं, लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात ना, तशी ही माझी तीट. मी फुशारले. शेवटी पुंजाने छिन्नीच्या ठिपक्यांनी माझ्या काठाखाली अक्षरं उमटवली, 'चि. सिंधू हिस पुंजा तांबट, नाशिक यांजकडून'. एवढं नाव मिरवत मी डहाणूला गेले. मांडवात चार बायका माझ्याभोवती जमल्या. "काम असावं तर नाशिकचं," असं एक जण म्हणाली, तेव्हा पुंजा छाती काढून उभा होता.

पुढे माझा संसार सिंधूच्या न्हाणीत सुरू झाला. रोज घरच्यांची ऊन पाण्याची आंघोळ माझ्यातून. सिंधूची सासू बायडाबाई, बोलायला फटकळ. तिच्या ध्यानात आलं की माझ्याखालची फरशी कधी वाळत नाही. कौतुक सरलं. खारी हवा लागून मी काळं पडले, कडांना हिरवं चढलं, आणि मला कोणी चिंचेचं बोटही लावेना.

दोन वर्षांनी दिवाळी झाली आणि पुंजाचं बिऱ्हाड आठ दिवसांसाठी डहाणूला आलं. दिवाळीआधी तांबटाला श्वास घ्यायला फुरसत नसते, दिवाळीनंतर हातावर हात. तीच त्यांची सुट्टी. पुंजा, सावित्रीबाई आणि त्यांची चार वर्षांची मैना. मैनेने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. "बाबा, पलीकडचा घाट कुठे गेला?" असं तिने विचारलं, तेव्हा सगळं घर हसलं.

आल्या दिवशीच बायडाबाईने विषय काढला. "काय हो नाशिककर, तुमच्या घंगाळाखाली बारमाही ओल कशी?"

पुंजा हसून म्हणाला, "तांबं आहे बाई. समुद्राची हवा लागली की त्याला घाम येतो."

"ऐकावं ते नवलच," बायडाबाई म्हणाली. पण सिंधूने विश्वास ठेवला. तिचे दाजी तांबट, त्यांना नाही कळणार तर कोणाला? आणि खरं सांगते, मीही ठेवला. घाम येणारं भांडं साऱ्या जगात मी एकटंच, असा मला गर्व झाला.

सुट्टी संपत आली. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. मैनेने हट्ट धरला की समुद्राला भेटून यायचं. सावित्रीबाईंच्या मनात आणखी एक होतं. आपल्या हातचा आहेर असा काळाकुट्ट पाहून त्यांना आठ दिवस शरम वाटत होती. त्या म्हणाल्या, "अहो, हेही नेऊ या बरोबर. तांबटाच्या घरचं भांडं आणि असलं कळकट? घासायला वाळू तिथे, मीठ तिथे. सिंधूकडून चार आमसुलं घेते. लख्ख करून ठेवते तिच्यापुढे."

"राहू दे गं," पुंजा म्हणाला. "शेवटचा दिवस आहे, पोरीला खेळू दे."

"तुम्ही खेळवा. मी घासते."

पुंजाने मला डोक्यावर घेतलं.

आठ दिवस ती मंडळी संध्याकाळी सुरूच्या झाडांजवळ वरच्या वाळूत बसत. त्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता पोहोचली तर समुद्र कुठल्या कुठे आत गेला होता. मैलभर ओली, सपाट वाळू. दूरवर एक पांढरा उंचवटा दिसत होता, धुतल्यासारखा स्वच्छ. "घासायला ती वाळू बरी," सावित्रीबाई म्हणाल्या. वाटेत घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ लागला. मैना त्यात चार वेळा इकडून तिकडे नाचली. मग सगळी उंचवट्यावर जाऊन बसली.

आता नाशिकच्या माणसाची एक गोष्ट सांगते. त्याला पाणी कळतं ते गंगेचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगा चढते ती त्र्यंबकाकडे पाऊस झाला तर. आभाळ काळं झालं की घाटावरचा माणूस पायरीला खूण करून ठेवतो आणि खुणेवर नजर ठेवतो. पुंजाने आभाळ पाहिलं. कार्तिकातलं, पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं, ढगाचा ठिपका नाही. तरीही सवयीने त्याने समोरच्या उतारावर, लाटांच्या वर एक काठी रोवली. काठीपर्यंत पाणी आलं की उठायचं. नजर समोर ठेवून तो मैनेला वाळूचे घाट बांधून देऊ लागला.

जवळच झुंबरबाई नावाची कोळीण शिंपल्या उकरत होती. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "उठा आता. पाणी फिरलं."

"आभाळ तर कोरडं आहे, मावशी," पुंजा हसला.

"आभाळाचं काय घेऊन बसला? उठा म्हंते ना." ती निघून गेली. पुंजाने काठीकडे पाहिलं. पाणी काठीपासून अजून वीसेक पावलं लांब होतं.

इकडे सावित्रीबाई मला घासत होत्या. आमसूल लावलं, वाळू घेतली आणि काय तो जोर! काळेपणा गेला, हिरवं गेलं, मी आरशासारखं झाले. फक्त उजव्या कडीखाली एक डाग राहिला. "हा मेला निघत कसा नाही," म्हणत त्यांनी शिंपलीच्या धारेने तो खरवडला. माझी तीट खपलीसारखी निघून वाळूत पडली.

"अहो, हे बघा काय निघालं."

पुंजाने वळून पाहिलं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मला वाटलं, आता काही बोलेल. तो एवढंच म्हणाला, "मळ असेल." दोन वर्षांच्या ओलीने सांधा झिजून माझ्या तळात हरभऱ्याएवढं उजेडाचं भोक पडलं होतं आणि माझा कर्ता त्याला मळ म्हणत होता. मला घाम येत नव्हता, मित्रांनो. मी दोन वर्षं गळत होते, आणि हे ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तो समोर बसून वाळूचे घाट बांधत होता. मला जो धक्का बसला तो शब्दांत सांगता यायचा नाही.

पण वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही. किनाऱ्यावरून आरोळी आली. झुंबरबाई टोपली टाकून दोन्ही हात हलवत होती. "मागं बघा! आरं, मागं बघा!"

मागे वाळू नव्हतीच. घोट्याएवढा ओहोळ नदीएवढा झाला होता. समोरची काठी अजून कोरडी होती आणि मागून समुद्राने वाट बंद केली होती. पुंजा नुसता बघत राहिला. गंगेच्या पुरात उडी घेणारा गडी, पण न पावसाचं, न आवाजाचं, पाठीमागून चालून येणारं पाणी त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सावित्रीबाईंनी मैनेला उचललं. त्यांना पोहता येत नव्हतं. एकट्या पुंजाला एकाच वेळी बायको आणि लेक दोघींना तारता आलं नसतं. सावित्रीबाईंचीच नजर माझ्यावर गेली. "घंगाळात बसवा हिला! मी कडी धरते, तुम्ही ढकला!"

पुंजाने मैनेला हातात घेतलं आणि माझ्या तोंडावर धरून तो तसाच उभा राहिला. खाली ठेवेना.

"ठेवा ना! काय बघताय?"

त्याने ठेवलं. माझ्या दोन्ही कड्या वाजल्या.

आधी पाणी कमरेएवढं होतं, मग छातीएवढं, मग पाय सुटले. सावित्रीबाई डाव्या कडीला लोंबकळल्या. जन्मभर पाणी आत धरायला घडलेलं मी, त्या दिवशी पाणी बाहेर ठेवायला धडपडत होते. पण उजव्या कडीखालून बारीक धार आत येतच होती. मैना आधी हसत होती. मग तिने पायांकडे पाहिलं.

"बाबा, माझे पाय ओले झाले."

पुंजाने दम भरला, तो पाण्याखाली गेला आणि न चाचपता, न शोधता, त्याचा अंगठा नेमका त्या भोकावर येऊन बसला. धार थांबली.

आता त्याला पोहायला एकच हात उरला. तो नाशिकच्या सवयीने प्रवाहाला आडवा, समोरच्या काठाकडे झटू लागला. नदी अशीच पार करतात. दर हिसक्याला माझा काठ कलंडायचा आणि ओंजळभर पाणी आत यायचं. मैना रडू लागली. सावित्रीबाईंचं तोंड दोनदा पाण्याखाली गेलं. मला वाटलं, झालं, माझ्यावर ज्याचं नाव आहे त्याचं घर मीच बुडवणार.

"झटू नको!" झुंबरबाई पाण्यात शिरून ओरडत होती. "आडवा जाऊ नको, अंग सोड! ही भरती हाय, काठालाच आनंल तुला!"

पुंजाने ऐकलं. दुसऱ्या वेळी ऐकलं म्हणा. त्याने झटणं सोडलं, फक्त अंगठा सोडला नाही. पाणी आम्हाला ओहोळाच्या तोंडातून तिरकं वर नेऊ लागलं. नदीचा पूर माणसाला घरापासून लांब नेतो, हा पूर घराकडे नेत होता. सुरूच्या झाडांपाशी झुंबरबाईने माझी कडी पकडली आणि आम्हाला वाळूत ओढलं.

कोणीतरी वर्दी दिली असावी. सिंधू आणि बायडाबाई धावत आल्या. मैना थरथरत आईला बिलगली होती. पुंजा माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा अंगठा अजून माझ्या तळाशीच होता. तांब्याच्या धारेने मांस फाटून रक्त वाहत होतं. झुंबरबाईने हात धरून सोडवला, तेव्हा आत साचलेलं पाणी त्या भोकातून वाळूत गळू लागलं.

सावित्रीबाई त्या धारेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कसं ठाऊक, भोक तिथेच आहे ते?"

पुंजाने रक्ताळलेला अंगठा मुठीत दाबून धरला.

"पाण्याखाली होतात तुम्ही. दिसत नव्हतं. एका झटक्यात अंगठा तिथे कसा गेला?"

"मी केलंय ते," पुंजा म्हणाला. "राख ओली झाली होती. गाडी चुकली असती. मी लाख भरली."

"माझ्या बहिणीच्या आहेरात?"

"लग्नातलं भांडं, म्हटलं. मिरवेल चार दिवस. कोणाला काय कळतंय." त्याने मैनेकडे पाहिलं. "मघाशी लाख निघाली तेव्हाही बोललो नाही. ठाऊक असून पोरीला ठेवली त्यात."

सिंधू कधी बहिणीकडे, कधी माझ्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघत होती. फटकळ बायडाबाई आपली मैनेचं डोकं पदराने पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी परत नाशिकला आले. महिन्याभरात पुंजाने सिंधूसाठी दुसरं घंगाळ घडवलं. ते राखेवर ठेवलं, तेव्हा सावित्रीबाई पाट घेऊन समोर बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत हलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः भांडं उचललं, स्वतः राखेत हात फिरवला आणि मगच पार्सल बांधू दिलं. त्या दिवसापासून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक भांड्याची राख त्याच बघू लागल्या. नवऱ्याशी भांडण नाही, टोमणा नाही. फक्त राखेवर त्यांचा हात. पुंजा बाजूला उभा राहायचा, शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या पोरासारखा.

मला त्याने दुकानाच्या दर्शनी खुंटीला टांगलं. नाव रस्त्याकडे, नावाखाली भोक. येणारा जाणारा विचारतो, "अहो, हे गळकं कशाला टांगलंय? कुणी केलं असलं काम?" पुंजा मान वर न करता म्हणतो, "मी." आळीतल्या लोकांनी हसून घेतलं, दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. तरी त्याने मला उतरवलं नाही. तेव्हापासून माझा राग थोडा निवळला आहे. थोडाच.

तीन वर्षं अशीच गेली. मागच्या महिन्यात एक मोठा हंडा राखेवर होता. संध्याकाळ झाली. सावित्रीबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या, जवळ सात वर्षांची मैना पाटीवर बाराखडी गिरवत होती. पुंजाने हाक मारली, "अगं, राख बघतेस ना?"

सावित्रीबाईंनी मेथीची एक काडी मोडली, दुसरी मोडली. मान वर केली नाही.

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या.

पुंजा तिथेच खाली बसला. हंडा बाजूला करून त्याने तो फाटून जुळलेला अंगठा राखेत दाबला, उजेडात धरला. कोरडा होता. तरी त्याने हंडा पुन्हा काठोकाठ भरला आणि आणखी एक दिवस राखेवर ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी तुम्हाला म्हणतात, आम्हाला घासा, आमचे पोचे काढा, आम्हाला अडगळीत टाकू नका. तुम्ही करा त्यांचं, ती बिचारी खरं बोलतात. माझं मागणं एवढंच आहे. कधी तांबट आळीत आलात आणि कोणी कनवाळू माणूस डाख घेऊन माझं भोक बुजवायला निघाला, तर त्याचा हात धरा. आणि तुमच्या हातून असं एखादं भोक राहिलं असेल, कोणाच्या न्हाणीत ते आज मुकाट्याने गळत असेल, तर आजच जाऊन सांगा. समुद्र मागून येतो.